साडेसात फेऱ्या

आमच्या क्लबच्या सरांना आम्ही पालक 'बघूया सर' म्हणतो. पाठीमागे, अर्थात. सर, लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू संपत आलीय, पोरांचे घोटे दुखतात. बघूया. सर, अडथळ्यांच्या खोलीची किल्ली महिनाभर सापडत नाहीये. बघूया. सर, भालाफेक आणि धावणं एकाच वेळी एकाच बाजूला ठेवलंय, एखादीच्या पाठीत घुसेल भाला. त्यावर मात्र ते बघूयासुद्धा म्हणाले नाहीत. त्यांना फोन आला होता.

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार. सकाळी सहाचा सराव पाचला केल्याचा मेसेज पावणेपाचला येणार. पोरं धापा टाकत पोचली की सर अजून यायचेत. स्टॉपवॉच तीन, त्यातली दोन बंद. आणि गेल्या वर्षी तर कहरच झाला. निवासी क्रीडा शाळेच्या निवड चाचणीसाठी मुलांची नावं पाठवायची असतात, ती मुदत संपून चार दिवस झाल्यावर सरांना आठवली. वरातीमागून घोडं. क्लबमधल्या एकाही पोराला चाचणी देता आली नाही. आमच्या बारकीचं अख्खं वर्ष तिथं गेलं.

बारकी म्हणजे माझी मुलगी. अंगानं बारीक म्हणून बारकी. येत्या महिन्यात सोळा पूर्ण होतील आणि त्या शाळेत सोळाच्या आतल्याच मुली घेतात. मुलींना तीन हजार मीटर अकरा मिनिटांच्या आत धावावं लागतं. बारकीची सगळ्यात चांगली वेळ होती अकरा मिनिटं सतरा सेकंद. अकरा वर्षांची असल्यापासून ही पोरगी त्या शाळेचं माहितीपत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवून बसलीय. अभ्यासात बेतास बात. गाणं, नाच, चित्रं, कशाचं नाव नाही. धावणं तेवढं एक. म्हणजे हे वर्ष गेलं की संपलं. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य तिच्या बाबतीत सरांनासुद्धा म्हणता येणार नव्हतं.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. मोजणं हे माझं काम. पोट उघडायच्या आधी गॉज किती, सुया किती, चिमटे किती. शिवायच्या आधी पुन्हा तेच. एकटीनं मोजायचं नाही, दोघींनी मोजायचं, मोठ्यानं, आणि मग कागदावर सही करायची. आकडा जुळला नाही तर डॉक्टर कितीही मोठा असो, मी त्याला शिवू देत नाही. तिथं माझा दरारा आहे. बाहेर मी तोंडाची फाटकी म्हणून प्रसिद्ध आहे, पण खरं सांगायचं तर ते नुसतं तोंड. आत फारसं काही हलत नाही आताशा. आधी हात चालवायचे, वाटून घ्यायचं ते नंतर, असं या कामात शिकले, आणि नंतरला कधी वेळच मिळाला नाही.

तर चाचणीचा दिवस. रविवार, दुपारी तीनची वेळ. मी सकाळची ड्यूटी करून परस्पर ग्राउंडवर गेले. निवड समितीकडून एक साहेब आले होते, छत्रीखाली खुर्ची टाकून मोबाइल बघत बसले होते. वेळ लावायला आपापली घड्याळं घेऊन तीन माणसं होती. फेऱ्या मोजायला कोणी नव्हतं. मोजणाऱ्या माणसाला कळवायचंच राहिलं होतं.

सरांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

"सिस्टर, तुम्ही मोजा. तुम्ही तर रोजच मोजता."

"सर, मला आज माझ्या पोरीला बघायचंय."

"अहो, मग उभं राहून बघा ना तिथंच! सगळ्यात चांगली जागा आहे."

नाही म्हणायची सोय नव्हती. आठच दिवसांपूर्वी आम्ही सगळ्या पालकांनी मिळून क्लबला तक्रारीचं पत्र दिलं होतं. मजकूर चष्मेवाल्यांचा. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्यांचीही मुलगी बारकीबरोबरच धावते. पत्रात 'पालकांना विश्वासात घ्यावे' हे वाक्य मात्र मी घालायला लावलं होतं. घ्या आता विश्वास.

फेऱ्यांची पाटी म्हणजे लोखंडी स्टँड आणि त्याला अडकवायचे पत्र्याचे आकडे. किती फेऱ्या उरल्या ते धावणाऱ्यांना त्यावरून कळतं. शेजारी पितळी घंटा, ती शेवटच्या फेरीला वाजवायची. मी विचारलं, "सर, किती फेऱ्या?"

"सात. सातपासून खाली यायचं. एक आला की घंटा." एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते गेले.

थिएटरमध्ये मी दोनदा विचारलं असतं, समोरच्याकडून वदवून घेतलं असतं. इथं नाही विचारलं. पाटीला सातचा आकडा अडकवला आणि उभी राहिले.

सहा मुली ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. जॅकेटं काढून तिथंच गवतात टाकली. पिस्तुलाच्या टिकल्या संपल्या होत्या, म्हणून एकानं दोन फळ्या एकमेकींवर आपटल्या आणि शर्यत सुटली. वळण घेऊन सहाही जणी माझ्यासमोरून गेल्या. बारकी चौथी होती. मी सात काढून सहाचा आकडा लावला. समोरून गेल्या, एक झाली. माझ्या हातांना तेवढंच कळतं.

मग मी बारकीलाच बघत राहिले. आकडे बदलत होते, हात आपोआप चालत होते. पाचला ती तिसरी होती. चारला दुसरी. तीनला ती पुढच्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून आली, आणि अशी धावताना मी तिला कधी बघितली नव्हती. एरवी तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा होतो. आज तोंड मिटलेलं, हात सैल. दोनला ती एकटी पुढे होती. एकला मी घंटा वाजवली, चांगली खणखणून वाजवली. शेवटच्या वळणावर तर ती अशी सुटली की वेळ लावणारी माणसं खुर्चीवरून उठली.

"नऊ अडतीस!" सर ओरडले. "नऊ मिनिटं अडतीस सेकंद!"

पाठोपाठ बाकीच्या आल्या. सगळ्यात शेवटी चष्मेवाल्यांची मुलगी, दहा एक्कावन्न. सहाच्या सहा जणी अकराच्या आत.

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! पालक एकमेकांच्या गळ्यात पडले. चष्मेवाले रडत होते, चष्मा पुसून पुन्हा घालत होते, पुन्हा पुसत होते. सर छाती काढून फिरत होते. "बघितलंत? डोंगरावरचा सराव! मी म्हटलं होतं की नाही?" डोंगरावर आम्ही दोनदा गेलो होतो, त्यातल्या एकदा सर आलेच नव्हते. पण कुणाला आठवण करून द्यावीशी वाटली नाही. यशाला बाप पुष्कळ.

बारकी गवतात उताणी पडून हसत होती. नुसती हसत होती, वर बघून.

मी आकडे गोळा करत होते. गोळा करता करता सहज पलीकडे बघितलं. मुलींची सहा जॅकेटं तिथं पडलेली. तिथून सुरुवात झाली होती. मी इथं, आणि ती तिथं, अर्ध्या फेरीवर. माझ्यासमोरून त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा अर्धीच फेरी झाली होती आणि सात अजून उरल्या होत्या. मी ती अर्धी अख्खी धरली. साडेसात फेऱ्यांची शर्यत मी साडेसहावर संपवली होती.

छातीत धस्स वगैरे काही झालं नाही. नुसतं कळलं. गॉज कमी भरला की कळतं तसं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. पाचेक मिनिटं गप्प उभी राहिले, ते मी नाकारणार नाही. त्या पाच मिनिटांत मी बारकीची ट्रंक भरली, तिला त्या शाळेच्या गेटापर्यंत सोडून आले, परत येऊन तिची गादी उन्हात घातली. सगळं केलं. इथं कुणाला काही कळलं नव्हतं आणि कळायची शक्यताही नव्हती. या क्लबमध्ये एक फेरी कमी झाली हे कळायला कुणीतरी बघत असावं लागतं.

मग सर कागद घेऊन आले. सहा नावं, सहा वेळा, खाली सह्या. वेळ लावणाऱ्यांच्या तीन झाल्या होत्या. चौथ्या रेघेवर बोट ठेवून सर म्हणाले, "सिस्टर, फेऱ्या मोजणाऱ्यांची इथं." साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नव्हती.

मी पेन हातात घेतलं. एवढ्यात चष्मेवाले शेजारी येऊन उभे राहिले. सर दुसरीकडे वळल्यावर हळूच म्हणाले, "सिस्टर, मलाही कळतंय हो. माझी पोरगी आणि दहा एक्कावन्न? तिला स्कूटरवर बसवली तरी बारा लागतील."

ते आणखी जवळ सरकले.

"करा सही. या लोकांनी आपल्या पोरांचं एक वर्ष खाल्लं. तेव्हा कुणी विचारलं का आपल्याला? एकदा त्यांच्या गोंधळानं आपलं भलं होत असेल तर होऊ द्या. तुमच्या बारकीसाठी तरी करा. माझीला अजून दोन वर्षं आहेत, तिला नाहीत."

माणूस वाईट नाही. बोलत होता त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मीही तेच बोलले असते, पाटीशी दुसरं कुणी उभं असतं तर. मग ते म्हणाले, "इथं काही कुणाचं पोट उघडं नाहीये, सिस्टर."

मी रेघेकडे बघत होते. एकोणीस वर्षांत अशा रेघेवर मी हजारो सह्या केल्या. त्या सहीचा अर्थ एकच, मी मोजलं आणि बरोबर आहे. त्या वेळी फार मोठा तत्त्वाचा विचार केला असं मी सांगणार नाही. हात पुढे गेलाच नाही, एवढंच. पेन तसंच खाली ठेवलं आणि छत्रीपाशी गेले.

"साहेब, यात एक फेरी कमी झालीय. सुरुवात तिकडून झाली. पहिली अर्धी फेरी मी पूर्ण धरली. माझी चूक."

साहेबांनी आता मान वर केली. माझ्याकडे बघितलं, पलीकडच्या जॅकेटांकडे बघितलं, कागदावरच्या वेळा बघितल्या. मग खिशातून पेन काढून कागदावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेघ मारली.

"अर्ध्या तासानं पुन्हा पळवा," ते म्हणाले.

"चारला ग्राउंड फुटबॉलवाल्यांना दिलंय," सर म्हणाले.

चारला दहा मिनिटं कमी होती. फुटबॉलवाले जाळी बांधायलाही लागले होते.

"म्हणजे? चाचणीच्या दिवशी ग्राउंड दिलंत?" साहेबांनी विचारलं.

"बघूया... म्हणजे, आधीच ठरलं होतं."

"मग मी काय करणार? यादी आज संध्याकाळी जाते. पुढच्या वर्षी आणा पोरींना." साहेबांनी छत्री मिटली.

मी म्हटलं, "साहेब, एकीला पुढचं वर्ष नाही." ते म्हणाले, "मला वाईट वाटतं, बाई." आणि खरंच वाटलं असावं, कारण जाताना त्यांनी तो रेघ मारलेला कागद माझ्याच हातात दिला.

मग सगळे माझ्यावर आले. ज्यांनी तक्रारीच्या पत्रावर माझ्या सहीखाली सह्या केल्या होत्या, तेच. "एवढी खरं बोलायची हौस होती तर आधी नीट मोजायचं." बरोबर आहे. "स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलं ते केलं, आमच्याही?" तेही बरोबर. चष्मेवाले मुलीची पिशवी उचलून निघून गेले. आणि सर! सरांना आयुष्यात पहिल्यांदा दोष द्यायला दुसरं माणूस मिळालं होतं. "म्हणून मी पालकांना जबाबदारी देत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. एरवी मी त्यांची सालटी काढली असती. सात म्हणून कुणी सांगितलं? मोजणारा माणूस का आला नाही? ग्राउंड कुणी दिलं? सगळं ओठांवर तयार होतं. पण राग यायला हवा होता तो आला नाही. मी पाटी आणि घंटा उचलून त्यांच्या खोलीत ठेवून आले. खोलीला कुलूप नव्हतं.

बारकी पलीकडे जाऊन जॅकेट घेऊन आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं, किंवा तिनं ऐकलं असावं. बसमध्ये तिला खिडकी दिली. चार थांबे गेल्यावर मी म्हटलं, "पाणी पी." तिनं बाटली घेतली, प्यायली, झाकण लावून परत दिली. माझं लक्ष आपलं उद्याच्या कामावर जात होतं. उद्या तीन ऑपरेशनं, पहिलं पित्ताशयाचं, नवीन मुलगी मदतीला, तिला दोनदा मोजायला लावलं पाहिजे. असं सगळं. स्वतःचीच शरम वाटायला हवी अशा वेळी मला पित्ताशय सुचत होतं.

घरी तिचे बाबा नव्हते, संध्याकाळची शिफ्ट. एक प्रश्न कमी. मी टबात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, तिनं पाय सोडले. शर्यतीनंतर नेहमी असंच करतो आम्ही. ती पलंगाच्या कडेला, मी खाली स्टुलावर. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी मोजत होते."

"काय?"

"फेऱ्या. मी नेहमी मोजते, मनात. त्यांच्या पाटीवर कोण विश्वास ठेवणार! कधी आकडा बदलायलाच विसरतात." ती पाण्यात बोटं हलवत होती. "आम्ही पहिल्यांदा तुझ्यासमोरून गेलो आणि तू सहाचा आकडा लावलास, तेव्हाच कळलं मला."

मी तिच्याकडे बघितलं.

"मग बोलली का नाहीस ग?"

"पळता पळता काय बोलू?" मग म्हणाली, "आणि मला वाटलं, तू मुद्दाम लावलास."

मी मिठाची पुडी उचलून बाजूला ठेवली.

"माझ्यासाठी लावलास, असं वाटलं. म्हणजे तू कधी असं काही करत नाहीस ना. शाळेत दांडी मारली तर साधी खोटी चिठ्ठी देत नाहीस. बाबा म्हणतात, तुझी आई देवाला पण पावती मागेल. आणि आज तू सगळ्यांसमोर सहाचा आकडा लावलास. सर होते, ते साहेब होते, तरी लावलास." ती जॅकेटची चेन वरखाली करत होती. "मला इतकं भारी वाटलं, आई. पूर्ण रेसभर तेच डोक्यात होतं. म्हणूनच पळाले मी तशी. ती शेवटची फेरी धरूनसुद्धा अकराच्या जवळपास आले असते मी. कधीच आले नव्हते."

ती पळाली होती खरी तशी. मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि वाटलं होतं, पोरीचे पाय आज चांगले लागलेत.

"तिथं तू माझी चूक, माझी चूक म्हणालीस," ती म्हणाली. "ते त्यांना सांगायला. हो ना?" तिनं मान खाली करून माझ्या तोंडाकडे बघितलं. "मुद्दाम लावला होतास ना?"

थिएटरमध्ये समोरचा विचारतो, आकडा जुळला का? त्याचं उत्तर एकच असतं आणि ते मी एकोणीस वर्षं देत आलेय. दुपारीसुद्धा दिलं होतं. त्या उत्तरापायी तिची शाळा गेली होती.

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम लावला."

"खरंच?"

"खरंच."

"मग सांगून का टाकलंस?"

"सही करायची वेळ आली आणि घाबरले ग. नोकरी जाईल, नाव जाईल. धीर झाला नाही."

मला वाटलं, आता मात्र ही मला कधी माफ करणार नाही, आणि तेही चाललं असतं.

"घाबरट," ती म्हणाली. मग पाय पाण्यातच ठेवून पुढे वाकली आणि लहानपणी टेकवायची तसं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. "घाबरट आहेस तू, आई."

"आहे," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.